हमरस्त्यापासून पाणंदीपर्यंत

पुण्यात पत्ता सांगण्याची एक खास रीत आहे. ज्याला पत्ता आधीपासूनच ठाऊक असेल त्यालाच तो नीट कळावा, असा त्या रीतीचा कटाक्ष असतो. ‘पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती तिथून डावीकडे वळा,’ असे एखादे गृहस्थ अगदी आपुलकीने सांगतात. आणि ती गिरणी पाडून तिथे इमारत उभी राहिल्याला पंधरा वर्षे झालेली असतात! हल्ली या गृहस्थांची जागा खिशातल्या फोनने घेतली आहे. तो न चिडता, न कंटाळता ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणून सांगतो, आणि आपणही वडीलधाऱ्यांचे ऐकावे तसे त्याचे मुकाट्याने ऐकतो. पण त्याला तरी हे कोणी सांगितले? हा रस्ता मोठा, तो लहान; इथून मोटार जाईल, तिथून फक्त माणूस जाईल, हे त्या यंत्राला कुठून कळले, असा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो. मलाही तो पडला नसता. पाडला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याने.

हा मुलगा बारावीला माझ्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत असे. पुढे तो संगणकाच्या धंद्यात गेला आणि मराठीचा व त्याचा संबंध संपला, असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी स्वारी अचानक घरी आली आणि चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच तिने विचारले, ‘‘सर, पाणंद म्हणजे नक्की काय हो? तिच्यातून टेंपो जातो का?’’

मी वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. ‘पाणंद’ शब्द माझ्या चांगला ओळखीचा; पण तिच्यातून टेंपो जातो का, हे मला आजवर कोणत्याही परीक्षेत कोणी विचारले नव्हते.

मग उलगडा झाला. जगात एक असा नकाशा आहे, की जो कोणा सरकारने काढलेला नाही आणि कोणा व्यापाऱ्याच्याही मालकीचा नाही. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. इंग्लंडात नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याची माहिती भारी किमतीला मिळे. तेव्हा आपला नकाशा आपणच का काढू नये, अशा विचाराने स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने २००४ साली त्याचा आरंभ केला. ज्याला हौस असेल त्याने आपल्या गल्लीपासून सुरुवात करावी, पायी किंवा सायकलवर हिंडावे, रस्ते, पूल, विहिरी, देवळे टिपून घ्यावीत आणि त्या सामाईक नकाशात भरावीत, अशी ही रीत. आज त्यात नाव नोंदवलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. अर्थात नाव नोंदवणारे सगळेच काम करतात असे नव्हे. तो अनुभव आपल्याला वाचनालयाच्या सभासदांवरूनही आहे! पण जे करतात ते मनापासून करतात, आणि माझा हा विद्यार्थी त्यांपैकी एक. दर रविवारी तो एखाद्या खेड्याची वाट धरतो आणि संध्याकाळी ते खेडे नकाशात आणून ठेवतो.

आपल्या देशात नकाशा ही बहुतेक काळ सरकारचीच बाब होती. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. सामान्य माणसाने नकाशाला हात लावायचा तो शाळेच्या वहीत रंग भरण्यापुरता. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने या बाबतीतले नियम बरेच सैल केले, आणि अशा हौशी मंडळींना हुरूप आला. पण नकाशात नुसती रेघ ओढून भागत नाही. ती रेघ कोणत्या दर्जाच्या रस्त्याची, हेही सांगावे लागते. एकजण ज्याला हमरस्ता म्हणेल त्याला दुसरा बोळ म्हणू लागला, तर तो नकाशा न राहता भाऊबंदकी होईल. म्हणून रस्त्यांची प्रतवारी करण्याचे नियम ठरलेले आहेत. आणि त्याच नियमांत आमच्या या मुलाची पाणंद अडकली होती.

खरे तर रस्त्यांची प्रतवारी मराठीने केव्हाच करून ठेवली आहे. नुसती ‘वाट’ घेतली तरी तिचे किती गोत निघते! पाऊलवाट, गाडीवाट, आडवाट, चोरवाट. गाडीच्या चाकांनी पडते ती चाकोरी. दोन्ही बाजूंच्या बांधांमधून शेतांकडे जाते ती पाणंद. तीन वाटा मिळाल्या की तिठा, चार मिळाल्या की चव्हाटा, एक फुटून निघाली की फाटा. शहरात आळी, गल्ली आणि बोळ. कोकणात दगडी पायऱ्यांची पाखाडी आणि ओढ्यावरचा साकव. सह्याद्रीच्या कड्यावर नाळ आणि निसणी. यांतल्या प्रत्येक शब्दात एकच गोष्ट सांगितलेली आहे, की इथून कोण जाते. पाऊल जाते, चाक जाते, गुरे जातात, की चोर जातो! रुंदी किती, डांबर आहे की खडी, याची भाषेला फारशी पर्वा नाही.

सरकारची दृष्टी वेगळी. रस्ता म्हटला की त्याचा खर्च आला, आणि खर्च आला की तो कोणी करायचा हे ठरवणे आले. या विचारामागे आपल्याच माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच, आणि ज्या जयकर ग्रंथालयात आम्ही एम.ए.ची टिपणे काढली ते त्यांच्याच नावाचे. पुढे १९४३ च्या डिसेंबरात देशातले मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी रस्त्यांचे वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. शेतीने विकसित झालेल्या भागात कोणतेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे स्वप्न त्यांनी पाहिले. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि देश पारतंत्र्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या स्वप्नाची किंमत कळते. रस्त्याकडेच्या पाट्यांवर आपण ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरे वाचतो, ती याच नागपुरी घराण्यातली. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची ती लघुरूपे. त्यांतला ‘रामा’ वाचून माझ्या धाकट्या मुलीने एकदा हा कोण म्हणून विचारले होते!

आता या लोकांच्या नकाशाची शिडी पाहा. तो इंग्लंडात जन्मला, म्हणून त्याच्या पायऱ्यांची नावे तिकडची. सर्वांत वर ‘मोटरवे’, मग ‘ट्रंक’, ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’, ‘टर्शरी’, मग ‘अनक्लासिफाइड’. वस्तीतल्या रस्त्याला ‘रेसिडेन्शियल’, शेतारानाच्या गाडीवाटेला ‘ट्रॅक’ आणि पायवाटेला ‘पाथ’. आपल्याकडच्या मंडळींनी या विलायती शिडीला नागपूरची शिडी साधारणपणे जोडून घेतली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारखा, जिथे दुचाकीला मज्जाव आणि मध्येच आडवे शिरायला वाव नाही, तो मोटरवे. राष्ट्रीय महामार्ग तो ट्रंक, राज्यमार्ग तो प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग तो सेकंडरी. इथवर सारे सुरळीत. घोटाळा होतो तो खालच्या पायऱ्यांवर. ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे ‘अजून वर्ग न ठरलेला’ असे कोणीही समजेल. पण इंग्लंडात तो एक ठरलेला वर्गच आहे, गावाला गाव जोडणाऱ्या सर्वांत लहान सार्वजनिक रस्त्यांचा. मला याचे नवल वाटले नाही. आपल्या ‘इतर जिल्हा मार्गा’तला ‘इतर’ तरी काय वेगळा आहे? सरकारदरबारी ‘इतर’ हाही एक मानाचा वर्ग असतो.

‘‘सर, हे असं घरी बसून कळायचं नाही. या एकदा माझ्याबरोबर. मला गावांची, ओढ्यांची नावं देवनागरीत नीट लिहायची आहेत. ती तुम्ही सांगा,’’ असे म्हणून त्याने मला बाहेर काढले. पौषातली थंडी होती. बेत ठरला तो पुण्याहून भोर, तिथून वरंध घाटाने खाली महाड.

कात्रजचा बोगदा ओलांडून आम्ही सातारा रस्त्याला लागलो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. २०१० साली देशभरचे क्रमांक बदलले आणि तो ४८ झाला. पण चहाच्या टपरीवर अजून ‘हायवे चार’च म्हणतात. महामार्गाच्या मैलाच्या दगडाचे डोके पिवळे आणि राज्यमार्गाच्या दगडाचे हिरवे, हे आमच्या या मुलाने मला तेव्हा दाखवले. इतकी वर्षे एस.टी.च्या खिडकीतून मी ते दगड मोजत आलो, पण त्यांच्या डोक्याचा रंग पाहिला नव्हता.

कापूरहोळला महामार्ग सोडला आणि उजवीकडे भोरच्या रस्त्याला वळलो. लगेच जग बदलले. उसाचे फड, बैलगाड्या, नीरेचे संथ वळण. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. राजवाड्यावरून पुढे जाताना अजून जुन्या दिवसांचा वास येतो. भोर मागे पडले की हिरडस मावळ लागतो. बाजीप्रभूंचा आणि बांदलांचा हा मुलूख. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, आणि नीरा-देवघर धरणाचे निळे पाणी रस्त्याची सोबत करू लागते. हिवाळ्याच्या सकाळी त्या पाण्यावर धुके असे पडलेले असते, की पलीकडचा काठ आहे की नाही असा संशय यावा.

आम्हाला जायचे होते ती वाडी या मुख्य रस्त्यापासून आत, डोंगराच्या उतारावर होती. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांना ते आवडेलच असे नाही. तीस-पस्तीस उंबरे, एक मारुती, चौथीपर्यंतची शाळा. नकाशात वाडीचा ठिपका होता. त्या ठिपक्याकडे जाणाऱ्या रेघा दोन. खालच्या अंगाने, पाण्याच्या काठाकाठाने जाणारी एक पांढरी अखंड रेघ, म्हणजे रस्ता. आणि वर डोंगराच्या कडेने जाणारी एक तपकिरी तुटक रेघ, म्हणजे ट्रॅक, शेताची गाडीवाट. फोन अर्थातच खालच्या रस्त्याने जा म्हणाला. आम्ही गेलो. चांगली जुनी डांबरी सडक होती. कडेला मैलाचा दगडसुद्धा होता. पाचसात मिनिटे गाडी चालली, आणि समोर ती सडक जशीच्या तशी, न वळता, पाण्यात शिरली.

धरण होण्यापूर्वी गावाचा रस्ता खोऱ्याच्या तळाने जात असे. पाणी चढले आणि तो बुडाला. पण उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले, की तो पुन्हा कोरडा होऊन वर येतो. अशाच एखाद्या उन्हाळ्यात आकाशातून घेतलेले चित्र कुठल्यातरी दूरच्या देशी बसलेल्या माणसाने पाहिले असणार. काळी, सरळ, डांबरी पट्टी दिसली. तिला त्याने रस्ता म्हटले. वर झाडीतून जाणारी, मुरमाची, लालसर पट्टी दिसली; तिला त्याने गाडीवाट म्हटले. चित्रात जे दिसले त्याला तो माणूस प्रामाणिकच होता. पण ज्या रस्त्यावरून कोणी जात नाही तो रस्ता ठरला, आणि जिच्यावरून सगळी वाडी जाते ती रस्ता ठरली नाही!

आम्ही गाडी मागे घेतली आणि वरच्या वाटेने वाडीत गेलो. मारुतीच्या पारावर एक आबा ऊन खात बसले होते. माझ्या विद्यार्थ्याने त्यांना येण्याचे कारण सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘तुमी परत तरी आला. गेल्या साली एक डायवर पाक पाण्यात चाक घालून उबा ऱ्हायला हुता.’’

ती हकीकत त्यांनी सांगितली. श्रावणात त्यांच्या भावजयीला रात्री पान लागले. साप चावला असे आपल्याकडे खेड्यात बोलत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. भोरहून भाड्याची गाडी सांगितली. ड्रायव्हर नवखा. त्याच्या फोनने त्याला खालच्या सडकेने नेले. तो बुडित सडकेच्या तोंडाशी, मिट्ट काळोखात, कर्णा वाजवत उभा. आणि वाडीतले लोक वरच्या वाटेवर कंदील घेऊन त्याची वाट पाहत उभे. शेवटी पोरांनी म्हातारीला घोंगडीच्या झोळीत घातले आणि चिखलातून मुख्य रस्त्यापर्यंत पायी नेले. यात दीडदोन तास गेले. म्हातारी वाचली. आबांच्या मागे उंबऱ्यात बसून ती नाचणी पाखडत होती, म्हणून ही हकीकत आम्ही ऐकू तरी शकलो. त्या ड्रायव्हरच्या फोनात नकाशा कोणाचा होता, हे विचारण्यात अर्थ नव्हता. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा मात्र उतरला होता.

मग त्याच पारावर रस्त्याचा दर्जा ठरवण्याची बैठक बसली. मुलगा म्हणाला, ‘‘सर, दिसायला हा ट्रॅकच आहे. मुरूम आहे, एका गाडीपुरती रुंदी, मध्ये गवताची पट्टी. कोणीही फोटो पाहील तर ट्रॅकच म्हणेल.’’

मी आबांना विचारले, ‘‘आबा, या वाटेने काय काय जातं?’’

‘‘दुधाचा टेंपो येतो, पोरं साळंला जात्यात, लगीन असलं की वऱ्हाड. पर गुर्जी, ही वाट न्हवं. ह्यो रस्ता हाय.’’

‘‘वाट आणि रस्ता यांत फरक काय?’’

आबांना विचार करावा लागला नाही. ‘‘ज्याच्यावर माणसाला झोळीत घालावं लागत न्हाई, त्यो रस्ता.’’

आम्ही दोघेही क्षणभर गप्प बसलो. मग त्या मुलाने फोनात नियम पुन्हा उघडले, आणि गंमत अशी, की नियमाच्या मनातही तेच होते. रस्त्याचा वर्ग ठरवायचा तो त्याच्या कामावरून. डांबर की मुरूम, रुंद की अरुंद, खड्डे किती, हे सांगण्यासाठी निराळे रकाने ठेवलेले आहेत. ट्रॅक म्हणजे शेताकडे किंवा रानाकडे नेणारी वाट. ही तर माणसांच्या घराकडे नेते. वाडीला जगाशी जोडणारी ही एकच. तेव्हा ही ‘अनक्लासिफाइड’, म्हणजे शिडीवरची लहान पण हक्काची पायरी. पृष्ठभाग मुरमाचा, रुंदी अमुक, असे पुढच्या रकान्यांत लिहिले. खालची सडक पाण्याच्या काठाशी तोडली आणि तिच्या पुढे ‘बुडित’ अशी नोंद केली. हे करण्यासाठी तो मुलगा पाण्यापर्यंत पुन्हा चालत गेला. गाडीतून पाहिलेले त्याला पुरेसे वाटेना.

निघताना पाणंदीचाही निकाल लागला. शाळेमागून दोन बांधांमधून एक वाट खाचरांकडे उतरत होती. आबांनीच दाखवली. ‘‘हिच्यातनं टेंपो जातो का?’’ मुलाने विचारले. ‘‘सुगीला जातो. पावसात गुरं जात्यात. दुसरं कोन कशाला जाईल?’’ हा खरा ट्रॅक! सरकारने २०२१ साली शेतवाटांसाठी योजना काढली तेव्हाही ‘पाणंद रस्ते’ हाच शब्द ठेवला, याचा मला आनंद वाटतो.

तुम्ही म्हणाल, एका वाडीच्या रेघेचा रंग बदलला, त्यात एवढे काय? पण आजकाल रेघेच्या रंगावर पुष्कळ काही अवलंबून असते. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात पाचशे आणि पहाडी राज्यांत, आदिवासी व वाळवंटी भागांत अडीचशे लोकवस्तीची गावे जोडावयाची, असे प्रमाण होते. तीस उंबऱ्यांची वाडी अशा प्रमाणांच्या चाळणीतून सहज खाली गळते. जे कागदावर नाही आणि नकाशातही नाही, ते संकटाच्या वेळी कोणाला आठवणार? १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशा मदतीला जाणाऱ्यांपाशी नव्हता. जगभरच्या या हौशी मंडळींनी आकाशातून घेतलेली चित्रे पाहून थोड्याच दिवसांत तो काढून दिला आणि मदतपथके त्यावरून चालली. २०१५ च्या एप्रिलात नेपाळातही तसेच झाले. तेव्हा दूर बसून रेघा ओढणारा माणूस काही खलनायक नव्हे. त्याच्याच हातून जीव वाचतात. फक्त त्याची रेघ कोणीतरी पायी जाऊन पाहिली पाहिजे.

वाडी सोडून आम्ही वरंध घाटाला लागलो. इथे सगळा मामला उलटा. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्गात गणला जातो. म्हणजे शिडीवर वरून दुसरी पायरी, कापूरहोळपर्यंतच्या त्या प्रशस्त सडकेच्या पंक्तीला. पण प्रत्यक्षात? एका बाजूला कावळ्या किल्ल्याचा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, समोरून एस.टी. आली की आपण आपली गाडी कड्याला चिकटवून पोट आत घ्यायचे! पावसाळ्यात दरडी कोसळतात, आणि गेल्या काही वर्षांत हा घाट पावसाळ्यात वाहतुकीला वारंवार बंद ठेवावा लागला आहे. वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत. तिथे गरम कांदाभजी खात, आणि माकडांपासून ती वाचवत, आम्ही या महामार्गाचा विचार केला.

‘‘हा दिसतो जिल्हा मार्गासारखा. खाली उतरवायचा का?’’ मी विचारले.

‘‘नाही सर,’’ मुलगा म्हणाला. ‘‘वाडीला जो न्याय, तोच याला. देश आणि कोकण जोडण्याचं काम तो करतो, म्हणून त्याचा वर्ग वरचा. पण अरुंद आहे, वळणं अवघड आहेत, पावसाळ्यात बंद असतो, हे शेजारी लिहायलाच हवं. नाहीतर नुसता मोठा रंग पाहून कोणीतरी जुलैमध्ये ट्रक घेऊन यायचा.’’

मला हा न्याय पटला. माणसाचा मान आणि माणसाची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. घरातले आजोबा आजारी पडले म्हणून त्यांचे वडीलपण जात नाही. पण त्यांना जिना चढायला लावायचा नाही, हेही घरात प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. रस्त्यांचेही तसेच आहे.

घाटाच्या वळणांवर त्याने मला या कामातले शिष्टाचार सांगितले. दुसऱ्याच्या नकाशातून चोरून उतरवायचे नाही. आपण पाहिले ते लिहायचे. नकाशात रंग छान दिसावा म्हणून खोटा वर्ग द्यायचा नाही. आपल्या गावाचा रस्ता मोठा दिसावा, हा मोह मोठमोठ्यांना होतो म्हणे! प्रत्येक बदलाबरोबर एका ओळीत कारण लिहायचे. आणि आधीच्या माणसाचे काम चुकीचे वाटले, तर पुसण्यापूर्वी त्याला विचारायचे. कोणी काय बदलले, केव्हा बदलले, हे सारे कायमचे जपून ठेवलेले असते; जुनी रेघ परत आणता येते.

हे ऐकताना मला नाथमहाराजांची आठवण झाली. ज्ञानेश्वरीत काळाच्या ओघात पाठभेद शिरले होते; एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कोणी आपले शब्द घालू नयेत अशी ताकीदही दिली. ग्रंथाला ती ताकीद योग्यच, कारण ज्ञानदेवांचे शब्द बदलत नाहीत. पण रस्ता बदलतो. तो बुडतो, दरडीखाली जातो, नवा फुटतो. म्हणून नकाशाला शेवटची शुद्ध प्रत असूच शकत नाही. तिथे ताकीद उलटी द्यावी लागते: अवश्य बदला, पण पाहून बदला, आणि का बदलले ते सांगा. संशोधकाची शिस्त दोन्हीकडे एकच.

घाट उतरून आम्ही कोकणात आलो. समर्थांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या शिवथरघळीला जाऊन आलो. तिथून मागे पाहिले तर सह्याद्रीची भिंत उभी, आणि तिच्यावर मढे घाट, उपांड्या घाट, गोप्या घाट या जुन्या पायवाटा. मोटार येण्यापूर्वी देश आणि कोकण यांचे सगळे देणेघेणे अशाच वाटांनी डोक्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून झाले. नकाशात त्या सगळ्यांचा वर्ग एकच: ‘पाथ’, तांबड्या ठिपक्यांची रेघ. मला जरा वाईट वाटले. पण मुलाने दाखवले, की त्या ठिपक्यांशेजारी नाव लिहायला जागा आहे. वर्ग विलायती असला तरी नाव आपले राहू शकते. महाडला पोचेपर्यंत मी त्याला नावे सांगत गेलो आणि तो लिहीत गेला: ऱ्हस्व-दीर्घासकट, शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने!

दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण गावी जातील. तिथल्या एखाद्या आजोबांना विहिरीकडच्या वाटेचे, जुन्या खिंडीचे नाव विचारून ठेवा. नकाशात भरा किंवा वहीत लिहा, पण विचारा. शब्दकोशात ती नावे सापडणार नाहीत, आणि सांगणारी माणसे काही कायमची पारावर बसून राहणार नाहीत.

आमच्या त्या वाडीची रेघ आता पांढरी आणि अखंड आहे. गेल्या आषाढात माझा विद्यार्थी मुद्दाम फोन घेऊन दाखवायला आला. आमच्या नोंदीच्या खाली दुसऱ्या कोणीतरी एक बदल केला होता. नाव ओळखीचे नव्हते. बहुधा वाडीतलेच, शिकायला भोरला राहिलेले कोणी पोर असावे. वाडीच्या अलीकडे रस्ता जिथे ओढा ओलांडतो, तिथे त्याने एक खूण केली होती आणि बदलाचे कारण एका ओळीत मराठीत लिहिले होते: ‘मोठा पाऊस झाला की ओढा उतरेपर्यंत दोनतीन तास गाडी जात नाही.’ आम्ही गेलो होतो पौषात. तेव्हा त्या ओढ्यात टाच भिजेल इतकेही पाणी नव्हते.